पिपरहवाची रत्ने परत आली, पण दर्शनाचे काय?

१८९८ मध्ये पिपरहवाच्या स्तूपातून निघालेली आणि पेप्पे कुटुंबाकडे राहिलेली रत्ने जुलै २०२५ मध्ये भारतात परत आली. हाँगकाँगमधला सदबीजचा लिलाव थांबावा म्हणून जगभरातून आवाज उठला, त्यात आपलाही होता. या विक्रीच्या वस्तू नाहीत, तथागतांच्या अस्थींसोबत अर्पण केलेले दान आहे, असे आपण ठणकावून सांगितले. तेच आता संग्रहालयाच्या दारातही सांगावे लागणार आहे.

वस्तीतली मुले आणि ज्येष्ठ उपासिका यांना घेऊन आम्ही संग्रहालयांत जातो. एका ठिकाणी काचेपुढे हात जोडून उभ्या असलेल्या आजींना सुरक्षारक्षकाने 'पुढे चला, पुढे चला' म्हणत सरकवले. पिशवीतली फुले दारातच काढून घेतली होती. रक्षकावर आमचा राग नाही, त्याला रांग हलती ठेवायलाच सांगितलेले असते. पण आजी परतीच्या वाटेवर काही बोलल्या नाहीत.

फुलांसोबत ओलावा आणि कीड येते, मेणबत्तीने काजळी धरते, हे मान्यच. मग फुलांसाठी दाराबाहेर एक चौथरा ठेवा. त्रिशरण-पंचशील घेण्यापुरती दिवसातून दोनदा शांतता, गुडघे दुखणाऱ्यांना बाकडी, मराठी-हिंदीत नीट माहितीफलक. यात जतनाचा कुठला नियम मोडतो? बहुतेक सरकारी संग्रहालये सोमवारी बंद असतात. २०२५ ची बुद्धपौर्णिमा नेमकी सोमवारी, १२ मे रोजी होती! असा दिवस अपवाद धरायला एक परिपत्रक पुरते.

हे जमत नाही असेही नाही. २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये भारताने बुद्धांचे आणि सारिपुत्त-मोग्गलानांचे अस्थिधातू थायलंडला पाठवले. बँकॉकच्या सनम लुआंग मैदानात मंडप उभारला, लाखो लोकांनी शिस्तीत वंदन केले. परदेशात गेले की अस्थिधातू आणि घरी आले की 'प्रदर्शनातील वस्तू', हा दुजाभाव आम्हाला खटकतो.

गर्दीची भीती कोणी घालू नये. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखोंची रांग समता सैनिक दलाचे स्वयंसेवक वर्षानुवर्षे सांभाळत आले आहेत. संग्रहालयांनी त्यांना एकदा बोलावून विचारावे.