उंबरठ्याच्या आतले साहित्य

नागपूरच्या कथालेखिका आशा बगे यांना ‘भूमी’ या कादंबरीसाठी २००६ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला आणि २०२३ साली कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा जनस्थान पुरस्कार. सन्मान झाले, शाली-श्रीफळे झाली; तरीही त्यांच्या लेखनाचा विषय निघाला की ‘कौटुंबिक’ हा शब्द अजून कानी पडतो, आणि तो उच्चारणाऱ्याच्या स्वरात किंचित उणेपणाही असतो. जणू खरे साहित्य म्हणजे रस्त्यावरचे. माजघरात घडते ते केवळ विरंगुळ्याचे! या समजुतीचा प्रतिवाद व्हायला हवा.

१९३९ साली नागपुरातच जन्मलेल्या बगे यांनी मराठी आणि संगीत या दोन्ही विषयांत एम.ए. केले. ‘सत्यकथा’ मासिकाच्या अखेरच्या पर्वात, म्हणजे १९८२ साली ते बंद पडण्यापूर्वी, त्यांची कथा तेथे प्रसिद्ध झाली. तेव्हा त्यांनी चाळिशी गाठली होती. उशिरा आलेली ही लेखणी मग थांबली नाही. ‘झुंबर’, ‘त्रिदल’, ‘सेतू’ या कादंबऱ्या आणि अनेक कथासंग्रह तिने दिले.

त्यांच्या एका संग्रहाचे नाव ‘मारवा’ असे आहे. ही केवळ हौस नव्हे. मारव्यात पंचम वर्ज्य असतो आणि षड्जावर गायक फारसा विसावत नाही. म्हणून तो सायंकालीन राग ऐकणाऱ्याला अस्वस्थ, अधांतरी ठेवतो. बगे यांच्या कथेतील स्त्री बहुधा अशीच असते. भरल्या घरात वावरते, सणवार, पाहुणे, आजारपणे निगुतीने सांभाळते. पण तिला विसाव्याचा स्वर सापडत नाही. ती आक्रोश करीत नाही, घोषणा तर नाहीच नाही.

आपल्या व्यासपीठांवर कुटुंबव्यवस्थेचे गुणगान नित्य होते, आणि ते अस्थानी आहे असे मुळीच नाही. परंतु ही व्यवस्था टिकविण्यासाठी कोणी किती गिळले, याचा हिशेब त्या भाषणांत क्वचितच येतो. तो हिशेब या कथांत आहे. म्हणूनच बगे यांना ‘संस्कारक्षम लेखिका’ म्हणून आपलेसे करणाऱ्यांनी जरा जपून बोलावे! त्या घर मोडायला सांगत नाहीत हे खरे. पण घराची आरतीही ओवाळत नाहीत. नाते तुटू न देता त्यातील अन्याय दाखविणे हे बंडाच्या भाषेपेक्षा कितीतरी अवघड काम आहे. ‘भूमी’तील मैथिली तामीळ वडील आणि मराठी आई यांची मुलगी. आपली भूमी कोणती, हा तिचा प्रश्न प्रांत आणि भाषा ओलांडून जातो. अशा लेखनाला चार भिंतींतले म्हणणारा वाचक त्या भिंतींशीच अडला, असे म्हणावे लागेल.

विदर्भाला ही परंपरा नवी नाही. अमरावतीत जन्मलेल्या आणि नागपुरात अध्यापन केलेल्या कुसुमावती देशपांडे १९६१ साली ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा झाल्या. त्या पदावरील त्या पहिल्या महिला. त्याही कथाकारच.

बगे यांच्या वाचनाचा आरंभ कोठून करावा असे तरुणांनी विचारले, तर पुरस्कारप्राप्त ‘भूमी’ने नव्हे, ‘मारवा’तील कथांनी करावा, असे मी सुचवीन. त्या कथा घरातील आजीला वाचून दाखवाव्यात आणि मध्येच ती बोलू लागली, तर पुस्तक खुशाल मिटून ठेवावे.