उष्टावणानंतरचा घास

आई नोकरी करते म्हणून मूल बिस्किटांवर वाढते, हा निष्कर्ष आपल्याकडे फार लवकर काढला जातो. आम्हांस तो मान्य नाही. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली; म्हणजे उष्टावण होऊन मऊ भात, वरण, नाचणीची पेज सुरू व्हावी, तोवर ती संपलेली असते. तान्ह्याला थोडेथोडे, पुन्हापुन्हा भरवायला वेळ लागतो, आणि तो वेळ वडिलांकडे सहसा कुणी मागत नाही.

शिवाय ‘नोकरदार आई’ म्हणताच डोळ्यांपुढे खांद्याला पर्स लावलेली स्त्रीच का यावी? बीडहून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणारी स्त्रीही कमावतीच. नवरा-बायको मिळून तिथे एक ‘कोयता’ मोजतात. पहाटेच ती फडात, मूल कोपीत किंवा बांधावर. सकाळची भाकरी दुपारी त्याच्या हाती. १९७५ साली सुरू झालेल्या अंगणवाडी योजनेचा आहार पुष्कळदा गावच्या पटावरच राहतो. या मुलाच्या हाडकुळेपणाला आपण दारिद्र्य म्हणतो, आईची नोकरी म्हणत नाही. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचे आहे. उसाच्या फडाला आस्थापना कोण म्हणणार?