फुलबॅकला चेंडू किती मिळाले, असं विचारणाऱ्यांनो

मेलबर्नमध्ये ऑगस्ट सरत आला की एक साथ दरवर्षी न चुकता येते. मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूंचा ऑल-ऑस्ट्रेलियन संघ जाहीर होतो आणि ज्याला त्याला आपणच निवड समितीत बसलो आहोत असं वाटू लागतं. ऑफिसात, ट्रॅममध्ये, शाळेच्या फाटकाशी, जिथे जावं तिथे एकच खल: कोण आत, कोण बाहेर, कोणावर अन्याय. या खलाला माझी हरकत नाही. खेळावर प्रेम असलं की भांडण होणारच. हरकत आहे ती बचावफळीचा विषय निघाला की या विद्वानांच्या तोंडून हमखास बाहेर पडणाऱ्या एका प्रश्नाला: "पण त्याला चेंडू मिळाला किती वेळा?"

हा प्रश्न फुलबॅकबद्दल! ज्याला मैदानात उतरवलाय तोच मुळी समोरच्याला चेंडू मिळू नये म्हणून. रखवालदाराने रात्रभरात किती तिजोऱ्या उघडल्या, असं विचारण्यातला हा प्रकार आहे. आणि विचारणारे कोणी नवखे नाहीत बरं का. जन्मभर फूटी, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल, पाहिलेले, टीव्हीवर टाय लावून बसणारे, आवाजात हुकूमत असलेले लोक आहेत हे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लंबगोल, अवाढव्य मैदान. एका बाजूचे 18 खेळाडू. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून पायाने चेंडू मारला की गोल, 6 गुण; बाजूच्या फटीतून गेला की बिहाइंड, 1 गुण. ऑफसाइड नाही. हे शेवटचं नीट लक्षात घ्या. ऑफसाइड नाही म्हणजे आघाडीवीर कुठेही उभा राहू शकतो, कुठूनही सुटू शकतो आणि बचाव करणाऱ्याला आडोसा म्हणून कुठली रेषा नसते. तो आणि त्याचा माणूस. बाकी मोकळं रान.

आता मेलबर्नच्या मोठ्या मैदानावर पंट रोडच्या टोकाला, खांबांच्या मागे बसून पाहा. टीव्हीचा कॅमेरा चेंडूच्या मागे पळतो, म्हणून टीव्हीवर फुलबॅक दिसतच नाही. इथून दिसतो. चेंडू अजून शंभर मीटर लांब आहे आणि याचं काम सुरू झालेलं आहे. आघाडीवीराच्या कमरेला कंबर लावून तो त्याला हवी ती जागा घेऊ देत नाही. आघाडीवीर डावीकडे झुकतो, हा आधीच तिथे. मग लांबून उंच चेंडू येतो. पाठीत ढकलता येत नाही, ढकललं की शिट्टी वाजते आणि समोरच्याला निवांत गोल मारायची संधी. हात धरता येत नाही. उडी आधी मारली तर चेंडू डोक्यावरून जातो, उशिरा मारली तर समोरच्याच्या पंजात जाऊन बसतो. अखेर त्याच्या खांद्यावरून एक मूठ पुढे येते आणि चेंडूला ठोसा बसतो. तोही कुठे? सीमारेषेकडे. समोर पाडला तर तिथे बुटके, चपळ भुरटे टपलेलेच असतात. याला स्पॉइल म्हणतात. एवढी अक्कल, एवढं धैर्य, आणि नोंद काय होते? स्मदर, शेपर्ड, स्पॉइल ही बचावाची सगळी कामं एकाच रकान्यात कोंबून पुढे एक काडी. ज्या आकड्यावरून निवडीचे वाद रंगतात त्या डिस्पोझलच्या, म्हणजे चेंडू मिळवून पुढे दिल्याच्या, रकान्यात शून्य.

आणि कंबर लावून जी जागाच घेऊ दिली नाही, त्यामुळे आघाडीवीराच्याच सहकाऱ्याने चेंडू तिकडे मारायचं टाळलं, त्याचं काय? त्याला रकानाच नाही. फुलबॅकचं सर्वांत उत्तम काम कागदावर कधीच उमटत नाही. समितीसमोर मात्र कागदच असतो.

आपल्याकडे खो-खोचा सामना झाला की दुसऱ्या दिवशी पेपरात पळती करणारा किती वेळ तगला ते मिनिट-सेकंदासकट छापून येतं. तगून राहणं हा पराक्रम आहे आणि तो मोजता येतो, हे आपल्या तालुक्याच्या बातमीदारालाही कळतं. कोट्यवधी डॉलरची उलाढाल असलेल्या, संगणकांचे ताफे बाळगणाऱ्या ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगच्या पंडितांना कळत नाही.

पुरावा हवा? ब्राउनलो पदक घ्या, या खेळातलं सर्वोच्च वैयक्तिक भूषण. पंच प्रत्येक सामन्यानंतर तीन, दोन, एक अशी मतं देतात. हे पदक बचावपटूला शेवटचं मिळालं 1993 मध्ये: एसेंडनचा गॅव्हिन वॉन्गनीन, बॅक पॉकेटमधला, म्हणजे फुलबॅकच्या शेजारच्या जागेवरचा. तोही चेंडू घेऊन सुसाट पुढे धावणारा बचावपटू, म्हणजे पंचांच्या नजरेत भरला तो धावल्यामुळे. त्यानंतर आजतागायत एकही नाही. तीस वर्षांहून अधिक काळात एकाही बचावपटूने देशातला सर्वोत्तम मोसम खेळला नाही? हे ज्याला पटतं त्याने पुढचं वाचू नये. त्याआधीची कथा आणखी संतापजनक आहे. सेंट किल्डाचा फुलबॅक व्हर्डन हॉवेल 1959 मध्ये बॉब स्किल्टनच्या बरोबरीने मतं मिळवूनही मोजणीच्या नियमावर हरला. त्याला ते पदक दिलं 1989 मध्ये. तीस वर्षांनी!

आता समित्यांकडे वळू. यांचा लाडका छंद म्हणजे मधल्या फळीतले सात-आठ चेंडूखाऊ निवडायचे आणि मग त्यांना बसवायला जागा शोधत फिरायचं. एकाला विंगवर ढकल, एकाला हाफ-फॉरवर्डला चिकटव. ज्याने वर्षभर विंगवर इमानेइतबारे धाव घेतली तो घरी. ही खोड जुनी आहे. 1996 मध्ये लीगने शतकाचा संघ जाहीर केला. फुलबॅकला कार्लटनचा स्टीफन सिल्व्हॅग्नी, उत्तम निवड, त्याबद्दल टोपी काढतो. पण त्याच्या शेजारी बॅक पॉकेटला कोण? जॉन निकोल्स. कार्लटनचाच महाकाय रकमन, म्हणजे चेंडूफेकीला उंच उडी मारणारा गडी! रकच्या जागी पॉली फार्मर असल्यामुळे निकोल्सला मागे सरकवला. कोणी म्हणेल, त्या काळी रकमन दमला की बॅक पॉकेटला जाऊन विसावा घेत असे, म्हणून ही जागा त्याचीच. तर मग झालंच की! शतकाच्या सर्वोत्तम संघात बचावफळीतली एक जागा विसाव्याची म्हणून देऊन टाकली. शंभर वर्षांत हाडाचा दुसरा बॅक पॉकेट यांना सापडला नाही? फॉरवर्ड पॉकेटला असा दमलेला माणूस ठेवला का? तिथे ली मॅथ्यूज. तिथे कोणाची विश्रांती नाही.

फुलबॅकच्या पुढच्या ओळीतल्या हाफबॅक फ्लँकच्या नव्या फॅशनबद्दलही बोललंच पाहिजे. चेंडू आपल्याकडे असताना मोकळ्या जागेत उभं राहायचं, सहकाऱ्याकडून सोपा चेंडू घ्यायचा, पंधरा-वीस मीटरवर दुसऱ्याला द्यायचा, परत घ्यायचा. दुपारभरात तीस डिस्पोझल. पंडित खूश, समिती खूश. त्याच्या माणसाने तीन गोल मारले, हे वाक्य कोणी उच्चारत नाही. अशांना बचावपटू म्हणून संघात घेतात आणि ज्याने मोसमभर देशातल्या दांडग्या आघाडीवीरांना एकेका गोलवर रोखलं त्याला "फक्त सात डिस्पोझल" म्हणून खाली बसवा, अशी बोंब त्याच्याच क्लबचे पाठीराखे ठोकतात. स्वतःच्या घराची भिंत पाडायला निघालेले लोक!

बचाव म्हणजे जोडकाम असतं हेही यांना उमगत नाही. 2021 चा मेलबर्न संघ आठवा. 1964 नंतरचं पहिलं विजेतेपद, पर्थमध्ये बुलडॉग्जना 74 गुणांनी धूळ चारून. मागे स्टीव्हन मे आणि जेक लीव्हर. मे प्रतिस्पर्ध्यांच्या सर्वांत दणकट माणसाला अंगावर घ्यायचा. म्हणून लीव्हर आपला माणूस सोडून चेंडूच्या वाटेत शिरायचा आणि तो झेलून मार्क मिळवायचा. लीव्हरच्या नावावर जे इंटरसेप्ट लागले त्यांच्या खाली मेचा खांदा होता. त्या वर्षी दोघेही ऑल-ऑस्ट्रेलियन झाले, आणि समितीच्या हातून एवढं एक काम नीट झालं हे मी मोकळेपणाने मान्य करतो. एरवी यांना एकच दिसतो, हवेत उडालेला.

रिचमंडचं उदाहरण तर पंडितांच्या तोंडावर मारण्यासारखं आहे. अ‍ॅलेक्स रान्स, पाच वेळा ऑल-ऑस्ट्रेलियन, 2017 मध्ये ऑल-ऑस्ट्रेलियन संघाचा कर्णधार. 2019 च्या पहिल्याच फेरीत त्याचा गुडघा गेला. झालं, रिचमंडची बचावफळी संपली, अशी सुतकी भाषणं सुरू झाली. शेवट काय झाला? अंतिम सामन्यात ग्रेटर वेस्टर्न सिडनीला अख्ख्या दुपारी 3 गोल आणि 7 बिहाइंड, म्हणजे 25 गुण. रिचमंड 89 गुणांनी विजेता. ग्राइम्स, व्लास्टुइन, अ‍ॅस्टबरी यांनी एकमेकांची पाठ अशी राखली की रान्सची जागा रिकामी दिसली नाही. रान्स लहान झाला असं नव्हे. तो ज्या व्यवस्थेत उभा होता ती मोठी होती आणि ती पाहायला पंडितांकडे डोळे नव्हते.

अंतिम सामन्यांच्या आठवणी काढताना तरी यांची स्मृती शाबूत असते का? 2018, वेस्ट कोस्ट विरुद्ध कॉलिंगवूड. वेळ संपत आलेली, कॉलिंगवूड पुढे. डॉम शीडने कोपऱ्यातून, सीमारेषेला चिकटून, अशक्य कोनातून गोल मारला आणि वेस्ट कोस्ट 79-74 असा जिंकला. शीडचा तो गोल पर्थमधल्या लेकरालाही पाठ आहे. पण चेंडू तिथे आला कसा? दुसऱ्या टोकाला, स्वतःच्या खांबांसमोर, बरगड्यांना मार लागलेला जेरेमी मॅकगव्हर्न हवेत झेपावला आणि कॉलिंगवूडचा हल्ला त्याने दोन हातांत पकडला. तिथून व्हार्डी, तिथून लिअम रायन, तिथून शीड. साखळीची पहिली कडी मॅकगव्हर्नची. ती नसती तर शीड कोपऱ्यात नुसता हात वर करून उभा असता. 2009 मध्येही तेच. जीलाँग आणि सेंट किल्डा अटीतटीला आलेले असताना फुलबॅक मॅथ्यू स्कार्लेटने मैदानाच्या मध्यात घुसून बुटाच्या टोकाने चेंडू अ‍ॅबलेटकडे ढकलला, चेंडू पुढे गेला आणि चॅपमनने गोल केला. अंतिम सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूचं नॉर्म स्मिथ पदक चॅपमनला.

लीगचे कारभारी यात मागे नाहीत. 2005 मध्ये प्रशिक्षक पॉल रूसचा सिडनी संघ दाबून, चिवट, कंजूष फूटी खेळत होता. लीगचे मुख्याधिकारी अँड्र्यू डेमेट्रिओ यांनी जाहीरपणे सांगितलं, की ही शैली आपल्याला आवडत नाही आणि ती बदलली नाही तर सिडनी फारसे सामने जिंकणार नाही. सप्टेंबरच्या अखेरीला काय झालं? अंतिम सामना, सिडनी 58, वेस्ट कोस्ट 54. अखेरच्या क्षणांत वेस्ट कोस्टचा उंच चेंडू खांबांसमोर आला आणि घोळक्यातून लिओ बॅरीने तो वरच्या वर झेलला. बॅरी बचावपटू होता. 72 वर्षांनी चषक त्या क्लबच्या हातात आला तो एका बचावपटूच्या झेलामुळे. आवडत नाही म्हणे!

बचाव करणाऱ्याने डोकं चालवलं की नियम बदलायचा, हा यांचा आणखी एक खाक्या. 2008 च्या अंतिम सामन्यात हॉथॉर्नच्या बचावपटूंनी कोंडी झाली की चेंडू स्वतःच रेषेपार करून 6 ऐवजी 1 गुण देण्याचा शहाणपणा 11 वेळा केला. जीलाँगचे 23 बिहाइंड झाले आणि सामना हॉथॉर्नने 26 गुणांनी नेला. पुढच्याच मोसमात जाणूनबुजून असं करणं गुन्हा ठरला. 2019 मध्ये मधल्या चेंडूफेकीच्या वेळी प्रत्येक भागात सहा-सहाच माणसं उभी करण्याची सक्ती आली, म्हणजे मागे जादा गडी ठेवायचा नाही. 2021 मध्ये समोरच्याने चेंडू झेलला त्या जागी, मार्कवर, उभ्या असलेल्या माणसाने जागचं हलायचं नाही, असा फतवा निघाला. का? तर गोल वाढावेत. एवढं सगळं लादूनही जो बचावपटू उभा राहतो त्याच्याबद्दल पुन्हा तोच प्रश्न, चेंडू किती मिळाले!

या सगळ्यावर कडी म्हणजे वेळापत्रक. ऑल-ऑस्ट्रेलियन संघ निवडला जातो साखळी सामन्यांवर. ब्राउनलोची मतंही तिथेच थांबतात. बादफेरीचे सामने, जिथे जागा आक्रसते, गोल महाग होतात आणि फुलबॅकच्या एका चुकीने वर्ष वाया जातं, ते यांच्या हिशेबात धरलेलेच नाहीत. परीक्षा सप्टेंबरात, निकाल ऑगस्टमध्ये.

म्हणून निवड समितीकडे माझ्या मागण्या साध्या आहेत. संघ सप्टेंबरचा अखेरचा सामना झाल्यावर निवडा. मागचे सहा आधी लिहा, मग मधले, मग पुढचे. बॅक पॉकेटला बॅक पॉकेटच खेळलेला माणूस घ्या. आणि प्रत्येक बचावपटूच्या नावासमोर त्याने वर्षभरात कोणाकोणाला राखलं, त्या प्रत्येकाने त्या दिवशी किती गोल मारले आणि एरवी तो किती मारतो, हे छापा. संगणक आहेत, चित्रफिती आहेत, पगारी माणसं आहेत. काम एका आठवड्याचं आहे.