‘चालेल की हळूहळू’ म्हणत बसू नका

तुमच्या घरात, शेजारात, नात्यात एखादं मूल चार महिन्यांचं होऊन गेलं तरी मान धरत नसेल, नऊ महिने झाले तरी आधाराशिवाय बसत नसेल, दीड वर्ष उलटलं तरी पाऊल टाकत नसेल, तर त्याला दाखवा. याच आठवड्यात दाखवा. दिवाळीनंतर नाही, पेरण्या उरकल्यावर नाही. ‘याचा बापही उशिराच चालला होता’ हे आजीचं म्हणणं खरंही असेल. तरी दाखवा. तपासणीत काहीच निघालं नाही तर पेढे वाटा.

बाळ जन्मल्यावर लगेच रडलं नव्हतं, दिवस भरण्याआधी झालं होतं, काचेच्या पेटीत ठेवावं लागलं होतं, कावीळ फार चढली होती, झटके आले होते, असं काही घडलेलं असेल तर एवढीही वाट पाहू नका. आणि या खुणांकडे लक्ष ठेवा. उचलताना बाळ अंगाने फार लुळं किंवा फार ताठ लागतं. मूठ उघडत नाही. लंगोट बदलताना मांड्या फाकत नाहीत. उभं धरलं तर टाचा टेकत नाहीत. वर्षाच्या आतच ते एकच हात पुढे करतं आणि आपण ‘डावरा दिसतोय’ म्हणून कौतुक करतो. कौतुक नंतर करा, आधी डॉक्टरांना सांगा.

एवढी घाई कशासाठी, ते ऐका. हजार बाळांत दोन-तीन बाळांना सेरेब्रल पाल्सी असते. त्यात मेंदूला झालेली इजा एकदाच होते, ती पुढे वाढत नाही. मूल मात्र वाढतं, आणि घात तिथेच होतो. हाडं लांबतात, ताठरलेले स्नायू त्या मानाने लांबत नाहीत. मागच्या जूनला शिवलेली पँट यंदा आखूड पडावी, तसा स्नायू हाडाला आखूड पडतो. टाच उचलली जाते, गुडघा वाकलेलाच राहतो, खुबा जागेवरून सरकू लागतो. खुबा सरकतो तेव्हा सुरुवातीला दुखतही नाही. एक्स-रे काढला तरच कळतं. दुखायला लागेपर्यंत थांबलात, तर जे काम बैठक नीट करून, स्प्लिंट बांधून, रोजचा सराव करून बऱ्याच अंशी झालं असतं, त्यासाठी ऑपरेशनच्या टेबलापर्यंत जावं लागतं.

म्हणून थेरपीला या. आणि एकदा येऊन थांबू नका. फिजिओथेरपी म्हणजे मालीश नव्हे, पाय धरून ओढणं नव्हे. पाटावर पावलं टेकवून बसणं, बसल्याजागी पुढे झुकून वाटी उचलणं, पलंगाला धरून उठणं, खुर्चीतून पलंगावर सरकणं, हे मुलाच्या अंगात भिनवणं म्हणजे फिजिओथेरपी. आम्हा थेरपिस्टांकडे मूल आठवड्यातून पाऊण तास असतं, उरलेला सगळा वेळ ते तुमच्याकडे असतं. खरी थेरपिस्ट घरची माणसं. बाबा, हे तुम्हालाही सांगतोय. व्यायामाची वही आईच्याच पिशवीत का असते?

आता थोडं कडू बोलतो. मायेनेच आपण मुलाला परावलंबी करतो. घास भरवतो, बटणं लावतो, उचलून मोरीत नेतो. सकाळी सातला शाळेची गाडी दारात असते, त्याला एक बाही घालायला पाच मिनिटं लागतात, तुमची अडचण मला कळते. मग शाळेच्या दिवशी एकच बाही त्याला घालू द्या. रविवारी पूर्ण शर्ट. अशक्त हात आधी बाहीत घालायचा, काढताना चांगला हात आधी काढायचा. चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळा, पकड जाड होते. ताटाऐवजी उंच काठाचं भांडं द्या, घास निसटत नाही. सांडेल. सांडू द्या.

सगळ्यात जास्त लक्ष द्या संडासाच्या सवयीकडे. याबद्दल आपण बोलायला लाजतो आणि मूल शाळेतून घरी बसतं ते पुष्कळदा यामुळेच. उकिडवं बसणं ज्याला जमत नाही, त्याला भारतीय पद्धतीचा संडास म्हणजे बंद दार. मुलगी वयात आली की मग तर आईला दुपारी शाळेत जाऊन उभं राहावं लागतं, नाहीतर मुलीची शाळा सुटते. उपाय महाग नाही. बैठकीला भोक असलेली खुर्ची, भिंतीला पक्का लोखंडी दांडा, नाडीऐवजी इलास्टिक, आणि बसण्या-उठण्याचा रोजचा सराव. तीन वर्षांचं बारा किलोचं मूल तुम्ही कडेवर नेता. ते चौदा वर्षांचं, चाळीस किलोचं होईल तेव्हा तुमची कंबर राहील का? ‘आमच्यामागे याचं कोण करणार,’ असं आईबाप विचारतात. जेवढं ते स्वतः करेल, तेवढं दुसऱ्या कुणाला करावं लागणार नाही. प्रत्येक मूल चालेल असं वचन मी देत नाही. पण न चालणारं मूलही स्वतः खुर्चीत सरकू शकलं, तर त्या घराचा दिवस बदलतो.

असं वचन देणारे मात्र भेटतील. महागडं इंजेक्शन, गुप्त तेल, ‘पंधरा दिवसांत पायावर उभं करतो’. दागिने गहाण ठेवू नका. बाळाला गोल वॉकरमध्येही कोंबू नका, त्याने चालणं लवकर येत नाही.

पैशांची चिंता असेल तर विचारायला लाजू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली देशभर सुरू झाला, तो आपल्याच पालघरमधून. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा येतात. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका, नेमकं त्याच मुलाला न्या. जिल्ह्यासाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, तिथे तपासणी आणि थेरपीला पैसे पडत नाहीत. मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. ‘निरामय’ विमा सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असणाऱ्यांसाठी आहे. तो वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंतचा खर्च उचलतो आणि थेरपीही त्यात येते.

आणि ज्यांच्या घरात असं मूल नाही ते तुम्ही, तुम्हीही उठून जाऊ नका. थेरपी सुटते ती बहुतेक वेळा रोज बुडतो म्हणून, एसटी चुकते म्हणून, धाकटं सांभाळायला कुणी नाही म्हणून. शेजारीण असाल तर धाकट्याला तीन तास सांभाळा. रिक्षा असेल तर आठवड्यातून एक फेरी त्यांना द्या. गुरुजी, त्याला वर्गातल्या डब्याच्या पंगतीत बसवा आणि डबा त्यालाच उघडू द्या. सरपंच, ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. त्यातून शाळेच्या संडासात एक कमोड आणि एक दांडा बसवा. तुम्ही कराल, याची मला शंका नाही. तुम्हाला आजवर कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

हे वाचताना तुमच्या डोळ्यांपुढे एखादं मूल आलं असेल. त्याच्या आईला आज संध्याकाळी गाठा. आशाताईंचा नंबर द्या. तपासणीच्या पहिल्या तारखेला तुम्ही स्वतः सोबत जा.