खडक अडवतो कोणाला?

भूगर्भात कामगार अडकले आणि त्यांच्याशी संपर्क तुटला की एक उत्तर तयार असते : खडकातून बिनतारी संदेश जात नाही, निसर्गापुढे इलाज नाही. हे उत्तर अर्धेच खरे आहे. आणि अर्धसत्याची ढाल जबाबदार मंडळींना फार काळ पुरते.

नेहमीच्या रेडिओ लहरी कोळशाच्या व खडकाच्या थरांत थोड्याच अंतरात शोषल्या जातात, हे खरे. परंतु खाण म्हणजे केवळ भरीव खडक नव्हे, ते बोगद्यांचे जाळेही असते. लहरीची अर्धी लांबी बोगद्याच्या रुंदीपेक्षा कमी असली की बोगदाच तिला नळीप्रमाणे वाहून नेतो. पाच मीटर रुंदीच्या बोगद्यात ही सीमा सुमारे 30 मेगाहर्ट्झ येते. त्याखालची लहर थोड्या अंतरातच विझते. कोळशाच्या बोगद्यांत साधारण 500 ते 1000 मेगाहर्ट्झच्या लहरी सर्वांत दूर जातात आणि वळणावर मात्र त्यांची शक्ती झपाट्याने घटते, हे एम्स्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत 1975 सालीच दाखवून दिले होते.

वळणावरचा उपायही जुनाच आहे. कवचाला हेतुपुरस्सर फटी ठेवलेली केबल बोगद्यातून फिरवली, तर तिच्यातून लहरी सर्वत्र झिरपतात. अगदी मंद कंपनांच्या लहरी तर थेट खडक भेदून जातात. मात्र त्यांसाठी जमिनीवर तारेचे मोठे वेटोळे लागते आणि त्रोटक संदेशच पाठवता येतो. पण प्राण वाचवण्यास त्रोटक संदेशही पुरतो. 1998 साली अमेरिकेच्या यूटा राज्यातील विलो क्रीक खाणीत आग लागली, तेव्हा अशाच संदेशाने कामगार वेळीच बाहेर पडले.

मग अडले कोठे? 2 जानेवारी 2006 रोजी वेस्ट व्हर्जिनियातील सॅगो खाणीत स्फोट झाला. खाणीतील तारेचे दूरध्वनी निकामी झाले. आत कोंडलेल्या कामगारांनी छतातील पोलादी खिळ्यांवर घण मारून इशारा दिला. वर तो कोणालाही ऐकू आला नाही. शोधपथक चाळीस तासांनंतर पोहोचले तेव्हा एकच जण जिवंत होता; या दुर्घटनेत एकूण 12 जणांचे प्राण गेले. त्यानंतर, जून 2006 मध्ये, बिनतारी संपर्क व कामगाराचा ठावठिकाणा दर्शवणारी यंत्रणा तीन वर्षांत आणण्याचे बंधन अमेरिकी कायद्याने घातले. शास्त्र 1975 चे आणि कायदा 2006 चा! मधली एकतीस वर्षे खडकाने खाल्ली नाहीत.

त्याच 1975 सालच्या 27 डिसेंबरला आपल्या चासनाला खाणीत पाणी घुसून सुमारे 375 कामगार बुडाले. रेडिओने ते पाणी थोपवले नसते, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. परंतु 1989 साली राणीगंजच्या महाबीर खाणीतून 65 जणांना विंधनछिद्रातून कुपीत बसवून वर आणले, त्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते : माणसे कोठे आहेत हे कळले, तरच सुटकेची बुद्धी चालते.

स्फोटक मिथेनमध्ये ठिणगी न पाडणारी यंत्रे महाग असतात, हे खरे. मात्र कोळसा राष्ट्राच्या मालकीचा झाला तो केवळ उत्पादनाचे आकडे वाढावेत म्हणून नव्हे. नागपूर-चंद्रपूर भागातील असोत वा झारखंडमधील, प्रत्येक भूमिगत खाणीच्या सुरक्षा समितीत संघटनांनी तीन प्रश्न विचारावेत. संपर्काची केबल एका मार्गाने तुटली तर दुसरा मार्ग आहे काय? ठावठिकाणा दर्शवणारे साधन कंत्राटी कामगाराच्या कमरेलाही असते काय? आणि या यंत्रणेची चाचणी कामगारांच्या प्रतिनिधीसमोर होते काय? उत्तर नकारार्थी येईल तेथे निसर्गाला दोष देण्याचा अधिकार कोणालाही उरत नाही.