शिलाई यंत्राचे अर्थशास्त्र

जिल्ह्याच्या कोणत्याही वृत्तपत्राचे स्थानिक पान उघडावे, आठवड्यातून एकदा तरी तेथे एक ठरावीक छायाचित्र हटकून आढळते. शहरातील महिला क्लबच्या अध्यक्षा, सचिव आणि प्रकल्पप्रमुख एका रांगेत उभ्या असतात. त्यांच्यापुढे शिलाई यंत्र, वह्यांचा गठ्ठा किंवा सॅनिटरी पॅडची खोकी मांडलेली असतात, आणि ज्यांच्यासाठी हे सारे आणले त्या बाया कडेला, बहुधा निम्म्या चौकटीबाहेर. खालच्या मजकुरात देणाऱ्यांची नावे हुद्द्यांसह छापलेली असतात. घेणाऱ्यांना नाव नसते. त्या ‘गरजू व होतकरू महिला’ असतात.

या छायाचित्राची टिंगल करणे सोपे आहे, आणि समाजवादी कार्यकर्ते ती पुष्कळदा करतातही. पण टिंगलीने प्रश्न सुटत नाही. क्लबमधील बहुसंख्य स्त्रिया दांभिक नसतात. दुपारचा मोकळा वेळ, थोडा पैसा आणि काहीतरी चांगले करावे ही खरीखुरी इच्छा घेऊन त्या येतात. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. शंका घ्यावयाची ती त्यांच्या समाजसेवेच्या अर्थशास्त्राविषयी. ज्या दारिद्र्यावर हे प्रकल्प फुंकर घालतात ते निर्माण कसे होते, आणि प्रकल्पाने त्या निर्मितीत नेमका कोठे फरक पडतो, हे दोन प्रश्न क्लबच्या बैठकीत विचारले जात नाहीत. ते विचारणे हे समाजवाद्यांचे काम आहे.

प्रथम या क्लबांच्या जन्माकडे पाहावे. १० जानेवारी १९२४ रोजी मँचेस्टर येथे मार्गारेट गोल्डिंग या बाईंच्या पुढाकाराने ‘इनर व्हील’ची स्थापना झाली. रोटरीच्या सभासदांच्या पत्नींनी ती स्थापन केली, कारण खुद्द रोटरीत स्त्रियांना प्रवेश नव्हता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली निकाल दिला, तेव्हा कोठे रोटरीची दारे स्त्रियांना उघडली गेली. जागतिक पातळीवरची नियमदुरुस्ती त्यानंतर १९८९ मध्ये झाली. म्हणजे स्त्रियांच्या सेवाभावी क्लबचा उगमच मुळी स्त्रियांना बाहेर ठेवण्याच्या नियमात आहे. व्यापार, उद्योग आणि प्रतिष्ठा यांचे व्यवहार नवऱ्यांनी करावयाचे आणि त्या व्यवहारांची दयाळू बाजू बायकांनी सांभाळावयाची, अशी ती श्रमविभागणी होती. तालुक्याच्या गावी आजही ती फारशी बदललेली नाही. क्लबच्या यादीत कारखान्याच्या संचालकाची, कंत्राटदाराची, अडत्याची, डॉक्टरची पत्नी असते. ज्या बाईला यंत्र मिळते तिचा नवरा अनेकदा त्याच कारखान्यात हंगामी, त्याच कंत्राटदाराकडे रोजंदारीवर किंवा त्याच अडत्याच्या गाळ्यावर हमाल असतो. एका हाताने रोखून धरलेली मजुरी दुसऱ्या हाताने भेट म्हणून परत येते, आणि वाटेत तिचे रूपांतर उपकारात होते.

आता ते शिलाई यंत्रच घ्या. यंत्र मिळाले म्हणजे बाई स्वावलंबी झाली, असे अहवालात लिहिले जाते. पण यंत्र हे उत्पादनाचे साधन आहे. बाजार नव्हे, भाव नव्हे. तयार कपड्यांच्या स्वस्त मालाने गल्लीतील शिंप्याचे गिऱ्हाईक केव्हाच पळवले. उरते ते ठेकेदाराचे काम: परकर, गाऊन, शाळेचे गणवेश, तुकड्यावर शिवून द्यावयाचे. तुकड्याचा दर ठेकेदार ठरवतो. दोरा, सुई, वीज, यंत्राची दुरुस्ती आणि घरातील जागा हा सारा खर्च बाईच्या अंगावर पडतो. माल परत आला तर नुकसानही तिचेच. गावात दहा यंत्रे वाटली म्हणजे दर पाडून मागणाऱ्या ठेकेदारापुढे दहा हात अधिक उभे राहिले, एवढेच घडते. जे भांडवल ठेकेदाराला गुंतवावे लागले असते ते क्लबने फुकट गुंतवून दिले. या दानाचा पहिला लाभार्थी कोण, याचे उत्तर अहवालात सापडणार नाही.

याउलट सोलापूरच्या विडीकामगार स्त्रियांकडे पाहावे. त्यादेखील घरीच बसून तुकड्यावर काम करतात. परंतु दीर्घ लढ्यानंतर १९६६ साली विडी व सिगार कामगारांचा कायदा झाला आणि घरी विड्या वळणाऱ्या बाईलाही कायद्याने कामगार मानले. १९७६ साली कल्याण निधीचा कायदा झाला. कारखानदारांनी, घरी काम करणाऱ्या बायका आमच्या नोकर नव्हेत, असा युक्तिवाद करून पाहिला. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि भविष्यनिर्वाह निधीवरचा त्यांचा हक्क मान्य केला. विडीचा धंदा आरोग्याला घातक आहे आणि तेथील मजुरीही तुटपुंजीच राहिली, हे खरे. पण एकाच शहरात, एकाच वस्तीत, विड्या वळणारी बाई कायद्याच्या लेखी कामगार ठरली आणि शेजारच्या खोलीत परकर शिवणारी बाई ‘लाभार्थी’ राहिली. हा फरक यंत्राने पडलेला नाही, तो संघटनेने पाडला. घरी काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली स्वतंत्र करार संमत केला. भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही. शिलाई यंत्रे वाटणाऱ्या किती क्लबांनी त्यासाठी एक साधे निवेदन दिले असेल?

दुसरे उदाहरण अधिक दारुण आहे. ‘मासिक पाळी आणि स्वच्छता’ हा अलीकडे क्लबांचा आवडता प्रकल्प आहे. शिबिर होते, डॉक्टरांचे भाषण होते, पॅड वाटले जातात. आता हे शिबिर ऊसतोडीच्या फडावर नेऊन पाहा. तेथे नवराबायकोच्या जोडीला मिळून एक ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडीपर्यंत त्यांची सुटका नसते. एक दिवस खाडा झाला की दंड. पालाच्या आसपास ना पाणी, ना शौचालय. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ साली राज्याने समिती नेमली. पाहणीतील सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीच्या दिवसांचा खाडा परवडत नाही आणि दुखण्यावर नीट उपचार मिळत नाहीत, म्हणून अवयवच काढून टाकावयाचा, ही ज्या व्यवस्थेची रीत आहे तिच्यापुढे पॅडचे एक पाकीट काय करणार? तेथे हवी आहे खाड्याच्या दंडावर बंदी, फडावर पाण्याची व शौचालयाची सक्ती, मजुराच्या नोंदीची आणि उपचारांची कारखान्यावर जबाबदारी. यांतील प्रत्येक मागणी कोणाच्या तरी नफ्याला हात घालते. पॅडचे पाकीट कोणाच्याच नफ्याला हात घालत नाही. म्हणून तर त्याच्या वाटपाला कारखान्याचे अध्यक्ष आनंदाने प्रमुख पाहुणे होतात.

आणि पॅडचाच विचार करावयाचा तर हेही आठवावे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा सॅनिटरी पॅडवर १२ टक्के कर बसला. देशभरातील स्त्रियांनी त्याविरुद्ध आवाज उठवला आणि जुलै २०१८ मध्ये सरकारला तो कर रद्द करावा लागला. एका वर्षाच्या त्या आंदोलनाने देशातील प्रत्येक खरेदीदार स्त्रीला जो दिलासा दिला, तो वाटपाच्या हजारो कार्यक्रमांना देता आला नसता.

तिसरे उदाहरण अंगणवाडीचे. क्लब अंगणवाडी ‘दत्तक’ घेतात, भिंती रंगवतात, खेळणी व वजनकाटा देतात. भिंती रंगल्या याचा आनंदच आहे. पण त्या भिंतींच्या आत काम करणाऱ्या सेविकेचे काय? एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तेव्हापासून सेविका ‘मानसेवी’ आहे. तिला वेतन नाही, मानधन आहे. म्हणजे जी बाई रोज काम करते तिलाही शासनाने क्लबच्या सभासदाप्रमाणे स्वयंसेविका ठरवून टाकले! केंद्राने २०१८ साली योजनेतील मानधन ३,००० रुपयांवरून ४,५०० रुपये केले आणि त्याचाही मोठा गाजावाजा झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये महाराष्ट्र शासनाने या सेविकांना अत्यावश्यक सेवेचा कायदा लावण्याचा आदेश काढला, आणि विरोध झाल्यावर तो स्थगित केला. संप करावयाचा म्हटले की सेवा अत्यावश्यक, पगार मागितला की सेवा ऐच्छिक! एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्रॅच्युइटीवरचा त्यांचा हक्क मान्य केला. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातील सेविका व मदतनीस संपावर गेल्या आणि तो संप जानेवारी २०२४ पर्यंत चालला. त्या आठवड्यांत अंगणवाड्या दत्तक घेतलेल्या क्लबांनी सेविकांच्या मांडवाकडे फिरकण्याची गरज मानली असती, तर दत्तक या शब्दाला काही अर्थ उरला असता.

येथे एक आक्षेप हमखास येतो: व्यवस्था बदलेपर्यंत उपाशी माणसाने काय करावे? आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. भुकेल्याला आज घास दिलाच पाहिजे. महाराष्ट्रातील परिवर्तनाच्या परंपरेने तो कधी नाकारला नाही. १८७७ च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाने धनकवडी येथे उपासमार झालेल्या मुलांसाठी बालाश्रम चालवला. प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करताच १८९७ साली सावित्रीबाईंचा अंत झाला. परंतु मुलांना भाकरी देणाऱ्या जोतीरावांनी त्याच दशकभरात ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला आणि ती भाकरी कोणी पळवली हे नाव घेऊन सांगितले. रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन काढले, स्त्रियांना परिचारिका व शिक्षिका केले. आणि मुलींच्या सक्तीच्या शिक्षणाचा प्रश्न आला तेव्हा त्याच रमाबाई नगरपालिकेविरुद्ध स्त्रियांसह रस्त्यावर उतरल्या. त्यांची सेवा ही मागणीची पहिली पायरी होती. आजच्या प्रकल्पात ती पायरी शेवटची असते.

दुसरा आक्षेप असा की, पैसा स्वेच्छेने मिळत असेल तर बिघडले काय? त्याचे उत्तर महाराष्ट्रानेच देऊन ठेवले आहे. १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिच्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर आला: शहरातील पगारदाराने, डॉक्टर-वकिलाने, व्यापाऱ्याने दरवर्षी ठरावीक रक्कम द्यावयाची, शासनाने तितकीच भर घालावयाची आणि ग्रामीण मजुराने मागितले की त्याला काम द्यावयाचे. १९७७ साली त्या हमीचा कायदा झाला आणि २००५ साली केंद्राला त्या तत्त्वाचे अनुकरण करावे लागले. कर भरणाऱ्याचे छायाचित्र छापले गेले नाही आणि खडी फोडणाऱ्या बाईला कोणाचे आभार मानावे लागले नाहीत. एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या हातात पैसा गेला, पण दोघांच्या माना ताठ राहिल्या. याच्या नेमके उलटे काय असते तेही पाहावे. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करण्यास सांगितले, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये कंपनी कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला. त्याने वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपयांचा महसूल सोडावा लागेल, असे खुद्द अर्थमंत्र्यांनीच सांगितले. कर म्हणून द्यावयाचे ते आठ टक्के माफ. दान म्हणून द्यावयाचे ते दोन टक्के, तेही आपल्या पसंतीच्या प्रकल्पाला, आपल्या नावाच्या पाटीसह.

दानाची ही भाषा आता शासनानेही उचलली आहे. २०२४ साली महाराष्ट्रात स्त्रियांना दरमहा १,५०० रुपये देण्याची योजना आली. गरीब स्त्रीच्या हातात रोख पैसा जाणे यात वाईट काहीच नाही. पण ती नागरिक म्हणून न देता ‘लाडकी बहीण’ म्हणून दिली गेली. हक्क मागता येतो, न्यायालयात नेता येतो. ओवाळणी भावाच्या मर्जीवर असते, आणि मत मागावयास आलेला भाऊ तिची आठवण करून देण्यास विसरत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी काय करावे? क्लबशी स्पर्धा करून आपणही चार यंत्रे वाटावीत हा मार्ग नव्हे. पक्षाच्या महिला आघाड्याही हळदीकुंकू आणि भेटवस्तूंच्या वाटेला लागल्या, तर क्लब आणि पक्ष यांत फरक एवढाच राहील की क्लबचा चहा अधिक चांगला असेल. क्लबमधील स्त्रियांवर बहिष्कार हाही मार्ग नव्हे. १९७२ साली महागाईविरुद्ध संयुक्त महिला समिती उभी राहिली तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी यांच्या मागे मुंबईच्या मध्यमवर्गीय गृहिणी लाटणी घेऊन बाहेर पडल्या होत्या. त्यांपैकी अनेकींनी त्यापूर्वी मोर्चा पाहिलाही नसेल. धान्य, तेल, साखर, रॉकेल यांचा प्रश्न त्यांच्या आणि झोपडीतील बाईच्या स्वयंपाकघरात एकच आहे, हे त्यांना कोणीतरी घरोघर जाऊन पटवून दिले होते.

तेच काम आज पुन्हा हाती घ्यावे लागेल. क्लबने यंत्रे वाटली त्या वस्तीत जावे, त्या बायांच्या तुकड्याच्या दरांची नोंद करावी, त्यांची बैठक बोलवावी आणि क्लबच्या अध्यक्षांनाही तिचे आमंत्रण द्यावे. दरवाढीचे निवेदन ठेकेदाराकडे न्यावयाचे ठरेल तेव्हा त्यावर त्यांची सही मागावी. काही जणी सही करतील, काही नवऱ्याचे नाव निघाल्यावर उठून जातील. ज्या सही करतील त्यांच्यासाठी चळवळीचे दार उघडे असले पाहिजे, आणि ज्या उठून जातील त्या कोणाच्या बाजूला आहेत हे निदान वस्तीतील बायांना नीट कळेल.