परितेवाडीचा गौरव आणि परदेशचा बाजार

3 डिसेंबर 2020 रोजी लंडनहून एक नाव जाहीर झाले आणि माढा तालुक्यातील परितेवाडी हे छोटेसे गाव जगाला ठाऊक झाले. तेथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना दहा लाख डॉलरचा 'ग्लोबल टीचर प्राइज' हा पुरस्कार मिळाला. 140 देशांतून आलेल्या 12 हजारांहून अधिक नामांकनांतून ही निवड झाली होती. पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचा त्यांचा प्रयोग गाजला. पण त्याआधी त्यांनी मुलांच्या घरची कन्नड भाषा शिकून घेतली होती, हे विसरता कामा नये. पुरस्काराची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. सोलापूर जिल्ह्याची मान त्या दिवशी उंचावली.

हा पुरस्कार देणाऱ्या वार्की फाउंडेशनचा इतिहास मात्र आपल्याकडे फारसा कोणी पाहिला नाही. सनी वार्की यांचे आईवडील 1959 मध्ये केरळमधून दुबईला गेले आणि तेथील लोकांना इंग्रजी शिकवू लागले. 1968 मध्ये त्यांनी शाळा काढली. त्या रोपट्यातून पुढे 'जेम्स एज्युकेशन' हा खासगी शाळांचा प्रचंड समूह उभा राहिला. स्थलांतरित शिक्षकांच्या घराण्याने, आपल्या गावातच राहिलेल्या शिक्षकाचा सन्मान करावा, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे.

सोलापूरला परदेश नवा नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये येथूनच चीनला गेले आणि 1942 मध्ये रुग्णसेवा करता करता तेथेच त्यांनी देह ठेवला. जाणारा प्रत्येक जण मातृभूमीला विसरतो, असे मानण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो आजचा शिक्षक कोणत्या परिस्थितीत जातो आणि तेथे त्याला काय मिळते, हा.

परदेशातील शाळांचा बाजार एकसंध नाही. एकीकडे केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाशी संलग्न अशा, विशेषतः आखातातील, दोनशेहून अधिक शाळा आहेत. दुसरीकडे ब्रिटिश, अमेरिकी किंवा 'आयबी' अभ्यासक्रमाच्या शाळा आहेत. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांचे शुल्क सामान्यतः कमी, म्हणून शिक्षकांचे वेतनही कमी. त्याच शहरात पाश्चात्त्य पारपत्र असलेल्या शिक्षकाला घरभाडे, विमानभाडे आणि कितीतरी अधिक पगार मिळतो. दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवण्याचा व्हिसा मुळात सात इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांसाठी होता. 2010 मध्ये अंमलात आलेल्या व्यापारकरारामुळे भारतीयांना त्यात वाट मिळाली. इंग्लंडने तर फेब्रुवारी 2023 मध्ये भारतासह नऊ देश-प्रदेशांतील पात्र शिक्षकांना आपल्या शिक्षक-पात्रतेसाठी थेट अर्ज करण्याची मुभा दिली. कारण उघड आहे. गणित आणि भौतिकशास्त्राचे शिक्षक त्यांना घरी मिळेनात. म्हणजे गरज पडली की आपली पदवी चालते. एरवी पारपत्राचा रंग पाहिला जातो.

हा बाजार अस्थिरही आहे. 1990 मध्ये कुवेतवर आक्रमण झाले तेव्हा दीड लाखाहून अधिक भारतीयांना सर्वस्व सोडून परतावे लागले. 2021 मध्ये चीनने खासगी शिकवण्यांवर निर्बंध घातले आणि त्या व्यवसायातील असंख्य नोकऱ्या गेल्या. तेथे ना निवृत्तिवेतनाची हमी, ना कायमपणाची.

तरीही आपला तरुण शिक्षक जातो. का? माझी एक विद्यार्थिनी अक्कलकोट तालुक्यातली. घरी कन्नड, शाळा मराठी, पदवी विज्ञानाची, पुढे बी.एड. एका विनाअनुदानित शाळेत तिने आठ वर्षे काढली. अखेर कर्ज काढून ती आखातात गेली. लहान मुलगी आजीकडे राहिली. परवा फोनवर म्हणाली, "सर, इथं मला सगळे विज्ञानाच्या बाई म्हणून ओळखतात. तिकडं मी नुसती 'विनाअनुदानित' होते." या एका वाक्यापुढे देशप्रेमावरची माझी सारी व्याख्याने मला थिटी वाटली.

तिची कहाणी एकटीची नाही. राज्यात 2012 मध्ये शिक्षकभरतीवर बंदी आली. अभियोग्यता चाचणी 2017 च्या डिसेंबरात झाली, ती पुन्हा व्हायला 2023 उजाडले. प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन 2023 पूर्वी दरमहा 6 हजार रुपये होते. मग ते 16 हजार झाले. गुरूला देव मानणाऱ्या समाजाने गुरूच्या चुलीची ही अवस्था करावी आणि वर त्याच्याकडून त्यागाची अपेक्षा धरावी, हे आपल्या संस्कृतीत बसत नाही. गुरुदक्षिणा हा शिष्याचा आणि समाजाचा धर्म आहे. तो आपण पाळला नाही.

म्हणून दोन गोष्टी एकाच वेळी व्हायला हव्यात. जाणाऱ्याला अडवू नये. त्याला सावध करावे. केरळने 1977 मध्येच परदेशी नोकऱ्यांसाठी सरकारी महामंडळ काढले, म्हणून तेथील परिचारिका आणि शिक्षक दलालाच्या दारात जाण्यापूर्वी विचारणा करू शकतात. आपल्याकडे विद्यापीठे आणि शिक्षणशास्त्र महाविद्यालये यांनी करारपत्र कसे वाचावे, प्रमाणपत्रांचे साक्षांकन कसे करावे, दलाल नोंदणीकृत आहे का हे कसे पाहावे, एवढे तरी शिकवावे. 30 हजार रुपये आणि त्यावरील कर, याहून अधिक सेवाशुल्क मागणारा दलाल नियम मोडतो, हे किती उमेदवारांना ठाऊक आहे?

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. राहणाऱ्याला सन्मानाने राहता आले पाहिजे. भरती वेळेवर, वेतन नियमित आणि शिक्षकाच्या माथी अशैक्षणिक कामे कमी, यासाठी पालक, संस्थाचालक आणि सामाजिक संघटना यांनी आग्रह धरला पाहिजे. गावच्या शाळेत रिक्त जागा असेल तर ग्रामसभेत तो विषय मांडण्यापासून आरंभ करता येईल.

परितेवाडीचा गौरव करायला जग आले. त्या गौरवाचा अर्थ एवढाच की, उत्तम शिक्षक गोठ्याशेजारच्या शाळेतही घडतो. तो तेथे टिकावा, हे मात्र जगाने नव्हे, आपण पाहायचे आहे. अक्कलकोटच्या त्या मुलीची आई एक दिवस परत येईल. त्या दिवशी तिच्यासाठी एक वर्ग, एक फळा आणि एक पूर्ण पगार आपण तयार ठेवणार आहोत काय?